टॅपेट कव्हरची न थांबणारी गळती : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे, दोन कॅमशाफ्टचे आणि १६ व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन होते. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे, त्यावरचे टॅपेट कव्हरही (व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणारे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे, पुढच्या बाजूस टायमिंग चेनचे स्वतंत्र कव्हर, आणि स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध असलेल्या खोल नळ्यांमध्ये बसवलेले, अशी त्याची रचना होती. आज रस्त्यावर असलेल्या असंख्य गाड्यांत थोड्याफार फरकाने हीच मांडणी सापडते, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवून ठेवले आहे.

तक्रार आणि पूर्वेतिहास

गाडी थांबली की बॉनेटखालून जळक्या ऑइलचा वास येतो, कधीकधी एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (जळके वायू बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांच्या) बाजूने पातळ धूर दिसतो, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन क्षणभर अडखळते, अशी मालकाची तक्रार होती. टॅपेट कव्हरचे गॅस्केट (कव्हर आणि हेड यांच्या सांध्यात दबून तो बंद करणारी रबरी पट्टी) दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये आधीच बदलले गेले होते. काही दिवसांतच गळती पुन्हा सुरू झाल्यावर तेथे बोल्ट आणखी आवळण्यात आले, आणि त्यानेही भागले नाही तेव्हा कव्हर पुन्हा काढून गॅस्केटला सगळीकडे सिलिकॉन सीलंट लावून ते बसवण्यात आले. तरीही ऑइल येतच राहिले. शेवटी, गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या सांध्यातून ऑइल टपकते आहे, तेव्हा क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले असावे आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मालकाला सांगण्यात आले. त्या मोठ्या कामापूर्वी दुसरे मत घ्यावे म्हणून गाडी आमच्याकडे आली.

गळती नेमकी कुठून

ऑइल जिथे टपकते तिथूनच ते गळत असते असे मानणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. ऑइल खाली उतरते, आणि चालत्या गाडीतील वाऱ्यामुळे ते मागेही सरकते. त्यामुळे इंजिनाच्या माथ्यावरच्या एका कोपऱ्यातून झिरपणारे ऑइल हेडच्या भिंतीवरून, ब्लॉकच्या कडेने, थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत पोहोचते आणि तेथे थेंब धरते. खालून पाहणाऱ्याला मागचे सील गेल्यासारखेच दिसते.

म्हणून प्रथम संपूर्ण इंजिन डीग्रीझरने धुऊन कोरडे केले. इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) आणि वायरिंगचे कनेक्टर आधी झाकून घेतले होते. ऑइलमध्ये फ्लुरोसंट डाय मिसळून गाडी चालवून आणली आणि अतिनील दिव्याच्या उजेडात वरून खाली पाहत गेलो. डायची पिवळट-हिरवी रेघ दोन ठिकाणी उगम पावत होती: कव्हरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, आणि पुढे जिथे चेन कव्हरचा वरचा काठ हेडला येऊन मिळतो त्या सांध्यात. मागच्या कोपऱ्यातली रेघ अखंडपणे गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत उतरली होती. सील बसते त्या घराच्या खालच्या भागात मात्र आतून बाहेर आलेल्या ऑइलची कोणतीही खूण नव्हती. गिअरबॉक्स उतरवण्याचा प्रश्न तेथेच मिटला.

डाय उपलब्ध नसेल तर धुऊन कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवूनही हेच काम होते. ओली रेघ पावडरीत स्पष्ट उमटते. मात्र इंजिन धुतल्याशिवाय केलेले कोणतेही निदान हा केवळ अंदाज असतो.

इंजिनाच्या पोटातला दाब

कव्हर उघडण्याच्या आधी आणखी एक गोष्ट तपासणे आवश्यक होते, आणि बहुतेक वेळा हीच गोष्ट राहून जाते. पिस्टन रिंगच्या फटींतून थोडा जळका वायू नेहमीच क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळ भागात, उतरत असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी झडप) तो वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढू देतो, आणि त्यामुळे निष्क्रिय वेगावर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) क्रँककेसमध्ये दाबाऐवजी हलकी पोकळी राहते. हा व्हॉल्व्ह तुंबला की वायूला जायला वाट उरत नाही. मग क्रँककेसमधला दाब जो सांधा सर्वांत कच्चा असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनावर कितीही चांगले गॅस्केट बसवले तरी ते आतल्या दाबाशी झुंजत राहते.

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) नळीला पारदर्शक नळीचा पाणी भरलेला यू-आकाराचा दाबमापक जोडला. इंजिन निष्क्रिय वेगावर असताना पाणी क्रँककेसच्या बाजूने वर ओढले जायला हवे होते. ते उलट बाहेरच्या बाजूने वर ढकलले गेले, म्हणजे आत पोकळी नसून दाब होता. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर आतल्या गोळीचा खडखड आवाज आला नाही. काळ्या चिकट गाळाने ती जागच्या जागी बसली होती. रिंगा झिजल्यामुळे वायूच जास्त येतो आहे का, हे पाहण्यासाठी चारही सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते पाहणे) घेतली आणि ती समाधानकारक आली. दोष फक्त श्वास कोंडल्याचा होता. ज्या गाड्यांत पीसीव्हीचा पडदा कव्हरमध्येच घडवलेला असतो तिथे तो फाटल्यास उलट अतिरिक्त पोकळी तयार होते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. त्या गाड्यांत बऱ्याचदा पूर्ण कव्हरच बदलावे लागते. या इंजिनात व्हॉल्व्ह सुटा होता, हे नशीब.

कव्हर उचलल्यावर

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू केले. प्रथम कव्हरभोवतीची माती हवेने उडवली, मग कॉइल काढल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या नळीत ऑइल साचले होते. सकाळच्या अडखळण्याचे कारण तेच. ऑइलमध्ये बुडून कॉइलची रबरी टोपणे फुगली होती आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच भरकटत होती. हे ऑइल पिचकारीने ओढून घेतल्याशिवाय प्लगला पाना लावायचा नाही, कारण प्लग सैल होताच ते सगळे सिलिंडरमध्ये उतरते.

बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल केले. मागच्या बाजूचा एक बोल्ट मात्र सैल न होता नुसताच गरगर फिरला. हेडमधले त्याचे आटे गेले होते. कव्हर सिलिकॉनने चिकटले होते. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले असते तर अ‍ॅल्युमिनियमच्या बसण्याच्या पृष्ठभागावर ओरखडा पडून पुढच्या गळतीची सोय तिथेच झाली असती. म्हणून रबरी हातोड्याने बाजूंवर हलके ठोके देत ते सोडवले.

आतले दृश्य बरेच काही सांगणारे होते. कव्हरच्या खाचेत गॅस्केटच्या खाली आणि वर दोन्हीकडे सिलिकॉन भरलेले होते. मागच्या कोपऱ्यात गॅस्केट खाचेतून बाहेर सरकून कव्हर आणि हेडच्या कडेत चिमटले गेले होते, आणि तेथे त्याला अर्ध्या जाडीपर्यंत काप गेला होता. उलट पुढच्या सांध्यात, जिथे सीलंट खरोखर लागते, तिथे लावलेले सीलंट जुन्या ऑइलच्या पापुद्र्यावर बसले होते, आणि नखाने उचलताच त्याची पट्टीच्या पट्टी सुटून हातात आली. कॅमशाफ्टच्या बाजूला आतल्या कडेने वाळलेल्या सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. त्यांतली एक तुटून ऑइल परत जाण्याच्या छिद्राच्या तोंडाशी अडकली होती. बोल्टांखालची रबरी वॉशरे जुनीच होती, चपटी आणि कडक झालेली. गॅस्केट बदलले आणि वॉशरे तीच ठेवली, हे फार ठिकाणी घडते.

आवळून गळती का थांबली नाही

या प्रकरणाचा गाभा येथे आहे. अशा कव्हरचे बोल्ट साधे नसतात. त्यांच्या दांड्याला खांदा असतो. बोल्ट ठरावीक खोलीपर्यंत गेला की तो खांदा हेडवर टेकतो आणि तिथेच त्याचा प्रवास संपतो. बोल्टाच्या डोक्याखालचे रबरी वॉशर त्या अंतरात दबलेले असते आणि स्प्रिंगसारखे कव्हरला खाली रेटत राहते. गॅस्केट किती दाबले जाणार हे खाचेची खोली, गॅस्केटची उंची, वॉशरचा जिवंतपणा आणि खांद्याची लांबी या चार गोष्टी ठरवतात. पाना धरणाऱ्या हाताचा जोर त्यात कुठेच येत नाही. खांदा टेकल्यानंतर लावलेला प्रत्येक अधिक जोर गॅस्केटपर्यंत पोहोचतच नाही. तो सगळा बोल्ट ताणण्यात आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओरबाडण्यात जातो. मागच्या बोल्टाचे तेच झाले, आणि आटे गेल्यावर त्या कोपऱ्यात कव्हरला धरून ठेवणारे काहीच उरले नाही. म्हणजे गळती थांबवण्यासाठी केलेल्या उपायानेच ती वाढवली.

ज्या इंजिनांत खांद्याचे बोल्ट नसतात तिथे जास्त आवळण्याचा परिणाम वेगळा पण तितकाच वाईट असतो. पत्र्याचे कव्हर बोल्टाच्या भोकाभोवती खाली वाकते आणि दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला जातो. प्लॅस्टिकचे कव्हर बोल्टाच्या बुडाशी तडकते. कॉर्कचे गॅस्केट चिरडून बाहेर येते.

सीलंटबद्दलही असाच गैरसमज आहे. रबर दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही, ते फक्त आकार बदलते. उंचीने दबताना बाजूला पसरायला जागा मिळावी म्हणूनच खाच गॅस्केटपेक्षा थोडी रुंद ठेवलेली असते. ती मोकळी जागा सिलिकॉनने भरून टाकली की दबलेल्या रबराला बाहेर निघण्यावाचून वाट राहत नाही. त्यात ओले सिलिकॉन निसरडे असते, त्यामुळे बोल्ट आवळताना गॅस्केट खाचेतून सहज घसरते. घडवलेले रबरी गॅस्केट कोरडेच बसवायचे असते. सीलंट फक्त तिथे लागते जिथे गॅस्केटच्या खाली दोन वेगळे भाग एकमेकांना मिळतात किंवा पृष्ठभागाला पायरी असते: चेन कव्हर व हेड यांचा सांधा, कॅमशाफ्टच्या शेवटच्या बेअरिंग कॅपचे कोपरे, आणि असल्यास हेडच्या टोकाची अर्धचंद्राकृती बुचे.

दुरुस्ती

प्रथम गेलेले आटे. भोकाभोवती आणि संपूर्ण व्हॉल्व्हच्या भागावर सूत न सुटणारी फडकी अंथरली, ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरले म्हणजे चुरा त्यालाच चिकटून येतो, आणि एम-६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टाच्या हेलिकॉइलसाठी, म्हणजे नवे आटे देणाऱ्या तारेच्या गुंडाळीसाठी, ६.३ मिमीचे भोक पाडून त्यात आटे पाडले. भोक बंद बुडाचे असल्यामुळे किती खोल जायचे याची खूण ड्रिलवर चिकटपट्टी लावून आधीच केली होती. हेलिकॉइल बसवल्यावर तिच्या बुडाशी असलेले लहानसे आडवे टोक तोडून काढावे लागते. ते स्टेनलेसचे असल्याने चुंबकाच्या भरवशावर राहता येत नाही; चिमट्याने बाहेर काढून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याखेरीज फडके उचलले नाही.

नंतरची स्वच्छता हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम आहे. हेड आणि कव्हरवरचे सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढले. फिरत्या यंत्राला घासणीची चकती लावून पृष्ठभाग चकाचक करण्याचा मोह टाळलाच पाहिजे: चकतीतले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण इंजिनात गेले तर ते बेअरिंग खाऊन टाकतात, आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमवर चकतीने पडलेला खळगा पुढे कधीच भरत नाही. कव्हरची खाच लाकडी काडीने कोपऱ्याकोपऱ्यातून साफ केली आणि सरळपट्टी व फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कव्हर वाकलेले नाही याची खात्री केली. बोल्टांच्या भोकांत साचलेले ऑइल हवेने काढले, कारण बंद बुडाच्या भोकात ऑइल राहिले तर बोल्ट त्यावर दाबला जाऊन टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दाखवतो आणि कधी भोकाची भिंतच फुटते. सिलिकॉनच्या शेवया एकेक करून चिमट्याने वेचल्या. सम्प (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइलची जाळी पाहावी का, यावर विचार झाला. ऑइलचा दाब गेज लावून मोजला तेव्हा तो योग्य आला, म्हणून सम्प न उतरवता ऑइल व फिल्टर बदलण्यावर थांबलो; दाब जरासाही कमी असता तर सम्प उतरवल्याशिवाय गाडी सोडणे योग्य ठरले नसते.

नवे गॅस्केट, प्लगच्या नळ्यांची सीले, बोल्टांची रबरी वॉशरे, पीसीव्ही व्हॉल्व्ह, त्याची कडक झालेली रबरी नळी आणि दोन कॉइलची टोपणे एवढे सामान नवीन घेतले. नवे गॅस्केट जुन्याशेजारी ठेवून प्रत्येक वळण जुळते का ते पाहिले. जुने गॅस्केट तळाशी चपटे होऊन काठांशी काचेसारखे चकाकत होते, तर नव्याची कड खाचेबाहेर सर्वत्र सारखी उठून दिसत होती.

जोडणी

गॅस्केट खाचेत बसवताना आधी चारही कोपरे दाबले, मग सरळ भाग. एका टोकापासून ताणत गेले की शेवटी गॅस्केट उरते किंवा कमी पडते, आणि उरलेला फुगवटा नेमका कोपऱ्यात येतो. गॅस्केटला ऑइल, ग्रीस काहीही लावले नाही. प्लगच्या नळ्यांच्या सीलांना मात्र आतल्या ओठावर ऑइलचे बोट फिरवले, कारण ते ओठ नळीवरून घसरत खाली जाताना कोरडे असतील तर दुमडतात.

हेडचा काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसला. आधी कितीही स्वच्छ केला तरी कॅमशाफ्टखालचे ऑइल हळूहळू काठाकडे येतच राहते, त्यामुळे शेवटची पुसणी सीलंटच्या अगदी आधी करावी लागते. पुढच्या दोन सांध्यांवर आणि मागच्या दोन बेअरिंग कॅपच्या कोपऱ्यांवर ३ ते ४ मिमी जाडीचा, सुमारे १ सेंटीमीटर लांबीचा सीलंटचा ठिपका ठेवला. सीलंट ऑक्सिजन सेन्सरला अपाय न करणारे घेतले होते. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन या कामाला वापरू नये. ठिपक्यावर साय धरण्याआधी, म्हणजे साधारण ५ मिनिटांच्या आत, कव्हर बसले पाहिजे. म्हणून वायरिंग आणि नळ्या आधीच दोरीने मागे बांधून वाट मोकळी केली होती.

कव्हर दोघांनी धरून सरळ वरून खाली उतरवले. एकदा टेकल्यावर ते सरकवायचे नाही. सरकवले की सीलंट पुसले जाते आणि गॅस्केट वळते. मागच्या बाजूचा काठ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आरशाने पाहून आणि बोट फिरवून गॅस्केट कुठे बाहेर आलेले नाही व वायरिंगचा पट्टा खाली अडकलेला नाही याची खात्री केली. मागच्या वेळी चिमटलेला कोपरा हाच होता.

सर्व बोल्ट प्रथम हाताने टेकेपर्यंत फिरवले. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने, आळीपाळीने समोरासमोरचे घेत, पहिल्या फेरीत ५ आणि दुसऱ्या फेरीत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या १० न्यूटन मीटरवर आवळले. बहुतेक गाड्यांत या आकाराच्या कव्हर बोल्टांचा टॉर्क ८ ते १२ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. चाकांच्या नटांसाठी असलेला मोठा टॉर्क रेंच येथे निरुपयोगी आहे, कारण त्याच्या मोजपट्टीच्या तळाशी त्याचे माप विश्वासार्ह राहत नाही. पाव इंच चौकोनाचा लहान रेंचच हवा. एककाचीही खबरदारी घ्यावी: १० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ८८ इंच-पाउंड. तो आकडा चुकून फूट-पाउंडांवर लावला तर बारापट जोर पडतो आणि आटे जागेवरच जातात.

चाचणी

सीलंट पूर्ण वाळण्यासाठी गाडी २४ तास उभी ठेवली. नंतर इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तापवले आणि आरसा व टॉर्च घेऊन संपूर्ण काठ पाहिला. मॅनिफोल्डवरून पहिल्या काही मिनिटांत थोडा धूर आला. तो आधी सांडलेल्या ऑइलचा होता आणि तसा येईल हे मालकाला आधीच सांगून ठेवले होते, अन्यथा हाच धूर पाहून पुन्हा कोणीतरी बोल्टांना पाना लावला असता. डिपस्टिकच्या नळीला जोडलेल्या दाबमापकात पाणी आता क्रँककेसच्या बाजूने वर चढले. सकाळचे अडखळणे थांबले.

गरम झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळलेले नाहीत. कॉर्कच्या गॅस्केटला काही वेळा त्याची गरज भासते. खांद्याचे बोल्ट आणि घडवलेले रबर असलेल्या कव्हरला भासत नाही. सुमारे १००० किलोमीटरनंतर अतिनील दिव्याखाली पुन्हा पाहिले तेव्हा कव्हरचा काठ, चेन कव्हरचा सांधा आणि गिअरबॉक्सचा सांधा कोरडे होते, आणि प्लगच्या नळ्यांतही ऑइल नव्हते. प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून पाहावा आणि काठ कोरडा असेल तर कव्हरच्या बोल्टांना हात लावू नये, अशी नोंद जॉब कार्डवर करून गाडी परत दिली.